हिवताप : शब्द आणि जंतू

रोगांच्या लोकनामांत पुष्कळदा सूक्ष्म निरीक्षण साठविलेले असते. ‘हिवताप’ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. ‘हीव’ म्हणजे थंडी. तिचे मूळ संस्कृत ‘हिम’ शब्दात आहे. हुडहुडी भरावी आणि पाठोपाठ अंग तापावे, हा रोग्याचा अनुभव या समासात आला आहे. परंतु रोगजंतूचे आयुष्यही याच दोन टोकांमध्ये विभागलेले आहे, हे उमगण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

1880 साली अल्जीरियात लाव्हरान यांना, रुग्णाच्या रक्ताच्या थेंबात, जंतूच्या देहातून चपळ तंतू बाहेर पडताना दिसले. हे तंतू म्हणजे नरयुग्मके होत, हे 1897 मध्ये पक्ष्यांच्या रक्तावरील निरीक्षणातून मॅककॅलम यांनी दाखविले. त्याच वर्षी 20 ऑगस्ट रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हा जंतू आढळला. नांदेड जिल्ह्यातील उमरी 1948 पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होती, त्याच संस्थानातील ही छावणी. तथापि हे तंतू रक्त शरीराबाहेर आल्यावरच का प्रकटतात, हा प्रश्न उरला. रक्ताचे तापमान सुमारे पाच अंशांनी उतरणे, हा त्यास मिळणारा एक संकेत होय. डासाच्या शरीरातील झँथ्युरेनिक आम्ल हा दुसरा. या आम्लाची ओळख 1998 मध्ये पटली.

उलट प्रवासात जंतूला उष्णतेस तोंड द्यावे लागते. प्रथम मनुष्यदेहाचे 37 अंश, नंतर तापाचे 40 ते 41 अंश सेल्सियस. उष्णतेचा धक्का बसताच पेशींतील विशिष्ट जनुके जागी होतात, याची पहिली खूण रितोसा यांना 1962 मध्ये फळमाशीत सापडली होती. त्यांपासून बनणारी प्रथिने इतर प्रथिनांची घडी सावरून धरतात. हिवतापाच्या जंतूतील अशा एका प्रथिनाचे कार्य रोखल्यास तांबड्या पेशीतील त्याची वाढ वलयावस्थेपुढे सरकत नाही, असे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी 2003 मध्ये दाखविले. पुनःपुन्हा येणारा ताप त्या वाढीस साह्यही करतो, असे 2004 मध्ये. अर्थात ताप जंतूला सर्वस्वी मानवतो असे नव्हे; तीव्र उष्णतेत त्याची प्रौढ रूपे नाश पावतात.

तात्पर्य, ताप हे केवळ रोगाचे लक्षण नव्हे, की केवळ देहाचे शस्त्रही नव्हे. जंतूच्या लेखी तो अवस्थांतराचा संकेतही आहे. लाव्हरान यांना दिसलेले तंतू हे थंडावत्या रक्तास जंतूने दिलेले उत्तर होते. लोकांनी रोग्याविषयी घडविलेला शब्द जंतूविषयीही खरा ठरला.