ट्रफाल्गारचे क्रियापद

स्पेनच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील ट्रफाल्गार भूशिराजवळ २१ ऑक्टोबर १८०५ रोजी, फ्रान्स व स्पेन यांची ३३ लढाऊ जहाजे समोर उभी असता आणि मंद वाऱ्यामुळे आपल्या २७ जहाजांना शत्रूशी भिडावयास अद्याप काही अवकाश असता, इंग्रजांचा सरखेल नेल्सन याच्या मनात आले की, युद्धापूर्वी संबंध आरमारास चार शब्द सांगावे.

प्रत्येक जण आपले कर्तव्य करील असा इंग्लंडला भरवसा आहे, हा मजकूर त्याने योजिला व त्यासाठी ‘कन्फाइड’ हे क्रियापद निवडिले. परंतु संकेतध्वजांचे काम ज्याच्याकडे होते त्या लेफ्टनंट पास्कोने अदबीने अर्ज केला की, पॉपमच्या संकेतकोशात हा शब्द नाही, तो एकेका अक्षराने मांडावा लागेल. ‘एक्स्पेक्ट’ मात्र कोशात आहे. शत्रूशी जवळून भिडण्याचा हुकूम द्यावयाचा अजून बाकी असल्याने नेल्सनने तत्काळ रुकार दिला, आणि २६९ हा क्रमांक दाखविणारे ध्वज डोलकाठीवर चढले. ‘ड्यूटी’ हा शब्दही कोशात नव्हता. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चालला होता तो शब्द शेवटी चार अक्षरे सुटी करूनच लिहावा लागला.

हा पालट मला क्षुल्लक वाटत नाही. भरवसा ठेवणारा स्वतःस दुसऱ्याच्या स्वाधीन करतो; ‘एक्स्पेक्ट’चे लॅटिन मूळ बाहेर दृष्टी लावून वाट पाहण्याचे, म्हणजे टेहळ्याला शोभणारे असले, तरी इंग्रजीत त्याला हक्काने येणे मागण्याचाही अर्थ जडलेला आहे, आणि धनी चाकराशी बोलतो तो याच अर्थाने. त्यामुळे सरखेलाच्या ममतेच्या वाक्यास सरकारी तगाद्याची छटा आली. उपसेनापती कॉलिंग्वुड ध्वज पाहून प्रथम त्रासला, काय करावयाचे ते आम्हा सर्वांस ठाऊकच आहे असे म्हणाला, व पूर्ण मजकूर कळल्यावर संतोष पावला, असे सांगतात. त्या माणसांनी शब्दाआडचा भरवसा ओळखला असावा, असे मी मानतो.

नेल्सन त्याच दिवशी कामास आला. पुढे पहिल्या महायुद्धातील एका भित्तिपत्रकावर १८०५ व १९१५ ही दोन साले मांडून, आज तुम्ही कर्तव्य बजावीत आहात काय, असा जाब सामान्य नागरिकास विचारण्यात आला. त्यावर नेल्सनच्या वाक्यातील ‘इंग्लंड’ हा कर्ता व पास्कोने सुचविलेले ते क्रियापद, एवढेच छापले होते.