कोणत्या नटाचा पाना?

डावा हात लावा. उजवा मागं घ्या, आणि अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा. हँडलला विळखा घालायचा नाही. मिस्त्री तेच ओरडून सांगतोय, "आंगठा आत घालू नगा पावणं, इंजान उलटं आलं तर मनगाट जाईल!" तुम्ही फोर्ड मॉडेल टीच्या नाकासमोर वाकला आहात. रेडिएटरखाली हँडल लोंबतंय, शेजारी चोकची तार. साल १९२६. गाव कोडोली, कोल्हापूर संस्थान. गादीवर राजाराम महाराज येऊन चार वर्षं झालीत. गावात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं ठाणं आहे, शिवारात ऊस आहे, आणि रस्त्यावर ही एक सर्व्हिस मोटार आहे. एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटायला अजून २२ वर्षं बाकी आहेत. तोवर ज्याला जायचंय त्यानं हिच्यात कोंबून घ्यायचं. आत मावले नाहीत ते मडगार्डवर बसलेत.

गाडी आणि मिस्त्री या फेरीपुरते कल्पिलेले आहेत. पाने मात्र खरे आहेत, आणि आपण त्यांच्यासाठीच इथं आलो आहोत.

हँडल मारण्याआधी स्टिअरिंगखालची डावी दांडी वर आहे ना, ते बघून या. वर म्हणजे ठिणगी उशिरा पडणार. ती खाली राहिली तर इंजिन उलटा फटका देतं आणि हाड मोडतं. आता खालून वर ओढा. एकदा, दोनदा. लाकडी पेटीतल्या चार कॉइली गुणगुणतात, पण इंजिन पेट घेत नाही. मिस्त्री सीट उचलतो, खालून कॅनव्हासची गुंडाळी काढून मातीवर पसरतो आणि म्हणतो, "प्लगचा पाना द्या हिकडं."

तुमचा हात त्या गुंडाळीवर घुटमळतो. समोर सगळं लोखंडच आहे. त्यातला प्लगचा कोणता?

हा उचला. लांबट पाना, दोन टोकांना दोन वेगळी तोंडं. मोठं तोंड स्पार्क प्लगचं, लहान तोंड सिलिंडर हेडच्या बोल्टांचं. मॉडेल टीच्या हेडला असे १५ बोल्ट असतात. एकाच पान्यात ही दोन कामं का घातली, याचं उत्तर फोर्डच्या हिशेबात आहे. १९०८ ते १९२७ या काळात ही गाडी दीड कोटीहून जास्त संख्येनं बनली. प्रत्येक गाडीबरोबर पान्यांचा संच द्यायचा म्हटल्यावर एक पाना वाचवला तर दीड कोटी पाने वाचतात. म्हणून या गाडीचे पाने असे जोडकामी आहेत. त्यांची ओळखही त्यामुळेच पटते: दोन तोंडांची मापं एकमेकांशी अजिबात जुळत नसतील, एरवी कुणी शेजारी-शेजारी ठेवली नसती अशी असतील, तर तो पाना एका ठरावीक यंत्रासाठी घडवलेला आहे. बाजारात सुटा विकायच्या पान्याची दोन तोंडं बहुधा लागोपाठच्या मापांची असतात.

प्लग बाहेर आला. काजळीनं काळा. त्याचे आटे बोटानं चाचपून बघा: वर जाड, खाली निमुळते. नळाच्या सांध्याला असतात तसले हे अर्ध्या इंची पाइपाचे आटे आहेत. नंतरच्या गाड्यांचे प्लग सरळ आट्यांचे झाले आणि त्यांची षटकोनी डोकीही बदलली, त्यामुळे या पान्याला दुसरीकडं कुठं काम उरलं नाही. जुन्या लोखंडाच्या ढिगात तो आजही सापडतो तो याच कारणानं. उपयोग संपला, पण मोडला नाही.

गुंडाळीतले बाकीचे बघून घ्या, मिस्त्री प्लग घासतोय तोवर वेळ आहे. सरकत्या तोंडाचा हा स्क्रूपाना. दांड्यावर लांब शेपटीच्या एफनं सुरू होणारी तिरपी अक्षरं आहेत, फोर्ड. हा रुंद तोंडाचा, चाकाच्या मधल्या टोपणाचा. टायर काढायच्या पट्ट्या. पक्कड. आणि एक पाना या संचातला नाही. दांडा मधूनच वळलेला, जणू वाकून मोडायला आला होता. मिस्त्रीला विचारा, तो हसेल. कनेक्टिंग रॉडच्या नटापर्यंत सरळ पाना पोचतच नाही, मध्ये इंजिनाची भिंत येते. म्हणून हा वाकडा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वुस्टर गावची वॉल्डन कंपनी आणि बफलोची के. आर. विल्सन कंपनी अशांनी फोर्डच्या दुरुस्तीसाठी खास हत्यारं बनवून नाव काढलं. एक नट, त्याच्यासाठी एक पाना. संग्राहकाच्या लेखी खरी चैन हे वाकडे पाने आहेत. सरळ पाना कुठल्याही नटाला लागतो, पण वाकडा पाना आपल्या इंजिनाचा आतला नकाशा अंगावर घेऊन हिंडतो.

गाडी सुरू झाली. बसा.

पन्हाळ्याच्या चढाला गाडी थांबते आणि मिस्त्री ती चक्क वळवून उलटी करतो. माणसं कुरकुरत नाहीत, त्यांना हे नेहमीचं आहे. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली आहे आणि पेट्रोल कुठल्याही पंपाशिवाय, आपल्या वजनानं, कार्ब्युरेटरकडं उतरतं. टाकी अर्धी रिकामी असेल आणि चढ मोठा असेल तर कार्ब्युरेटर टाकीपेक्षा उंच जातो आणि इंजिन गुदमरतं. उलटं चढलं की टाकी वर, इंजिन खाली. शिवाय रिव्हर्सला जोरही जास्त. तर तुम्ही पन्हाळगडाकडं पाठ करून पन्हाळा चढताय, तोंडासमोर वारणेचं खोरं हळूहळू उघडत जातंय, आणि मिस्त्री तीन पायपट्ट्यांपैकी मधली दाबून धरून मान मागं वळवून बसलाय.

मधली पट्टी दाबली की गिअरबॉक्समधल्या ढोलाभोवती एक पट्टा आवळतो. एवढा वेळ आवळून धरला तर तो झिजतो, मग सैल पडतो. वर पोचल्यावर मिस्त्री झाकण उघडून पट्ट्याचा नट फिरवणार. ज्या पान्यानं फिरवणार त्याचं तोंड बघा: एका बाजूला फाकलंय आणि दुसरी बाजू चकचकीत आहे. सपाट मुलखातल्या फोर्डच्या पान्यापेक्षा इकडच्या पान्याची झीज वेगळी असेल, असं मला मनापासून वाटतं. म्हणून झिजलेलं तोंड घासून सरळ करणाऱ्या हौशी माणसाचा मला राग येतो. झीज हाच त्या पान्याचा जमाखर्च आहे.

एक गोष्ट उतरायच्या आधी. ही गाडी अमेरिकेची म्हणतात, पण आपल्याकडं येणाऱ्या फोर्ड कॅनडातून येतात. ब्रिटिश साम्राज्यात, इंग्लंड वगळून, गाड्या विकायचा हक्क १९०४ साली स्थापन झालेल्या फोर्डच्या कॅनडा कंपनीकडं आहे, आणि आपण आलोय त्याच १९२६ साली तिनं मुंबईत फोर्ड इंडियाची कंपनी काढली आहे. म्हणून कोल्हापूरच्या बाजूला फोर्डचा पाना मिळाला तर त्याच्या पाठीवर 'मेड इन कॅनडा' कुठं दिसतंय का, ते शोधायचं. सापडलं तर इथल्या पान्यासाठी त्यापेक्षा चोख पुरावा नाही.

आता दहा वर्षं पुढं, कोल्हापूर शहरात. भात्याचा आवाज, कोळशाचा आणि तेलाचा वास. म्हादबा मिस्त्री शेळके, वाय. पी. पोवार यांच्यासारखे कारागीर या शहरात यंत्रं उघडून बघतायत आणि तशीच घडवतायत. पुढं उद्यमनगर उभं राहणार आहे ते याच पिढीच्या हातांवर. राजवाड्याच्या ताफ्यात जर्मन मेबॅख आहे, तिच्या नटांची मापं मिलिमीटरची. शेतात रस्टन आणि लिस्टरची इंग्लिश इंजिनं पाणी उपसतायत, त्यांची मापं व्हिटवर्थची. फोर्ड आणि शेवरोलेची मापं अमेरिकन. एका शहरात तीन मापं, आणि मिस्त्रीच्या भिंतीवर तिन्हींचे पाने.

भिंतीवरचा हा इंग्लिश पाना काढा. त्यावर १/२ डब्ल्यू ठोकलंय. फूटपट्टी लावा. तोंड अर्ध्या इंचाचं नाही, ०.९२ इंचाचं आहे! नवखा माणूस इथं हमखास अडकतो. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली आट्यांचं प्रमाण बसवलं, आणि त्या पद्धतीत पान्यावर लिहिलेला आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, तोंडाच्या रुंदीचा नाही. अमेरिकन पान्यावर आकडा बहुधा तोंडाच्या रुंदीचा. म्हणून अर्ध्या इंचाचे दोन पाने शेजारी ठेवले तर एकाचं तोंड दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट भरतं, आणि दोन्ही बरोबर असतात. त्यात १९०८ साली बारीक आट्यांचं बी.एस.एफ. आलं, त्याची डोकी लहान, म्हणून ७/१६ डब्ल्यू आणि १/२ बी.एस.एफ. असे दोन आकडे एकाच तोंडावर दिसतात. असा दुहेरी आकडा म्हणजे इंग्लिश मापाचा पाना, आणि १९०८ च्या नंतरचाच.

कोपऱ्यात एक मुलगा कमानपाट्याचा तुकडा तापवतोय. मोटारीचा मोडका कमानपाटा हे उत्तम पोलाद. त्याचा पाना घडवणार, तेलात पाणी देणार, कानशीनं तोंड बसवणार. अशा पान्यावर कंपनीचं नाव नसतं, फार तर मिस्त्रीच्या नावाचं एखादं अक्षर पंचानं ठोकलेलं असतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, कुलपं किती जिव्हाळ्यानं जपली आहेत! मिस्त्रींनी घडवलेल्या पान्यांना तसं घर अजून मिळालेलं नाही. माझ्या मते या भागातल्या संग्राहकानं पहिली जागा यांना द्यावी, बाहेरून आलेल्या फोर्डच्या पान्यांना दुसरी. फोर्डचे पाने जगभर सापडतात. हा इथंच सापडेल.

महायुद्धानंतरच्या वर्षांत फार रेंगाळायला नको, पण एक खूण तिथून घेऊन जा. लष्करानं विकायला काढलेल्या गाड्या आणि हत्यारं बाजारात आलीत. पान्यावर रुंद बाणाची निशाणी असेल तर तो सरकारी मालाचा. बाणाबरोबर आय असेल तर हिंदुस्थान सरकारचा. आणि नुसता एफ दिसला म्हणून मॉडेल टी समजू नका. युद्धात जीप विलीजनं बनवली तशी फोर्डनंही बनवली, आणि फोर्डच्या जीपचे बोल्टसुद्धा एफ ठोकलेले. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या, मग गावोगाव जीप झाल्या आणि अमेरिकन मापाचे पाने कोडोलीत पुन्हा कामाला लागले.

आता या आजच्या कोडोलीत. शेजारी वारणानगर, साखर कारखाना, ट्रॅक्टरांची रांग. भंगाराच्या ढिगासमोर बसा. इथले निम्म्याहून जास्त जुने पाने ट्रॅक्टरचे, इंजिनाचे किंवा नांगराचे असणार, आणि विकणारा सगळ्यांना 'जुन्या मोटारीचा' म्हणणार. रागावू नका, त्याच्या वडिलांनी त्याला तसंच सांगितलेलं असतं. आधी वजन घ्या. मग कडेवरून बोट फिरवा: घडीव पान्याच्या कडेला साच्यातून बाहेर आलेलं पोलाद छाटल्याची रुंद रेघ असते, ओतीव पान्याला बारीक उठलेली शिवण. चमक बघा. क्रोमचा मुलामा १९२० च्या दशकाच्या शेवटापासून वाढला. त्याआधीचा पाना काळा तरी असतो, नाही तर निकेलचा पिवळसर. 'क्रोम व्हॅनेडियम' कोरलेलं असेल तर सहसा त्यानंतरचा धरा. पेटंटची तारीख असेल तर पाना त्या दिवसानंतरचा, एवढंच कळतं; वीस वर्षांनंतरचाही असू शकतो. आणि चार आकडी संख्या दिसली की लगेच साल म्हणू नका, फोर्डच्या पान्यांवर भागांचे नंबर असतात.

अक्षरं वाचता येत नाहीत? ग्राइंडर आणि तारेचा ब्रश लांब ठेवा. पाना रात्रभर रॉकेलमध्ये बुडवा, सकाळी चिंधीनं पुसा, वर पांढरा खडू आडवा फिरवा आणि उन्हात तिरपा धरा. खडू खळग्यांत बसतो आणि गंजाखालून आधी एखादी वेलांटी, मग अख्खं नाव वर येतं. तरीही लागलं नाही तर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल घासा. अक्षरं फार धारदार, फार ताजी निघाली तर सावध व्हा. मॉडेल टीच्या पान्यांच्या नव्या नकला निघतात, कारण त्या गाड्या अजून चालवणारे लोक आहेत.

व्हर्नियर काढा. दोन्ही तोंडं मापून वहीत लिहा, इंचात आणि मिलिमीटरमध्ये. झिजलेलं तोंड मुळाशी मापा, टोकाशी ते फाकलेलं असतं. आणि किंमत ठरवण्याआधी ढिगाच्या मालकाला विचारा, हा कुणाच्या घरून आला, कोणत्या गाडीबरोबर, कोणत्या इंजिनाबरोबर. तो म्हणेल ते चिठ्ठीवर लिहून पान्याला दोऱ्यानं बांधा, आत्ता, इथंच. घरी गेल्यावर दहा पान्यांत कोणता कुठला ते आठवत नाही. मग किलोचा भाव करा, पण मिस्त्रीनं कमानपाट्यातून घडवलेला तो बिननावाचा पाना मात्र किलोवर घेऊ नका. त्याचे वेगळे पैसे द्या, आणि का देताय ते मालकाला सांगा; म्हणजे पुढचा तसला पाना तो भट्टीत जाऊ देणार नाही.