ताबोरचा प्रकाश आणि माणसाचं शरीर

मिस्सेत धर्मगुरू द्राक्षारसात पाण्याचा एक थेंब टाकतात. त्या वेळी ते जी प्रार्थना पुटपुटतात, ती बाकांवर बसलेल्यांना बहुधा ऐकू येत नाही. ख्रिस्ताने आमचं मनुष्यपण पत्करलं, आता आम्हांला त्याच्या देवपणात वाटा मिळो, असा तिचा आशय आहे. वसईत धर्मशिक्षणाचे वर्ग घेताना मी मुलांना या थेंबाकडे मुद्दाम लक्ष द्यायला सांगते. आमच्या श्रद्धेतली सगळ्यात धाडसी गोष्ट तिथे बोलली जाते आणि बहुतेकांच्या नजरेतून ती निसटते.

ही शिकवण फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात लिऑनचे बिशप इरेनेयस आणि चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचे अथानासियस यांनी ती स्पष्ट मांडली. देव माणूस झाला तो फक्त पाप पुसायला नाही, तर माणसाला आपल्या जीवनात आणि गौरवात सामील करून घ्यायला. पण ‘सामील’ म्हणजे किती? फक्त आत्मा, की हे घाम येणारं, थकणारं शरीरसुद्धा? या प्रश्नावरून चौदाव्या शतकात बायझंटाइन साम्राज्यात मोठा वाद पेटला. त्या वादातला माझा माणूस म्हणजे ग्रेगरी पालामास.

ग्रेगरीचा जन्म 1296च्या सुमाराचा, कॉन्स्टँटिनोपलमधला. वडील दरबारी होते. ते लवकर गेले तेव्हा सम्राट दुसरा आंद्रोनिकोस याने मुलाच्या शिक्षणाकडे लक्ष दिलं. ॲरिस्टॉटलवर तो इतका सुरेख बोलायचा की राजकारभारात त्याला मोठी जागा मिळणार हे ठरल्यासारखंच होतं. पण विशीत तो भावांना घेऊन उत्तर ग्रीसमधल्या आथोस पर्वतावर गेला. त्याची आई आणि बहिणीही संन्यासिनी झाल्या. त्यांचे मठ अर्थात वेगळे, कारण आथोसवर स्त्रियांना प्रवेश नव्हता आणि आजही नाही. मी तो पर्वत पाहिला तो उरानोपोलीहून सुटणाऱ्या बोटीतून. बायका असलेल्या बोटींना किनाऱ्यापासून 500 मीटर लांब राहावं लागतं. माणसाच्या शरीराची बाजू ज्या जागेने एवढ्या हिरिरीने लढवली, त्या जागेने निम्म्या माणसांना पाण्यावरच थांबवावं, हे मला पटत नाही.

आथोसच्या मौनी साधकांची प्रार्थना साधी होती. बुटक्या बैठकीवर बसायचं, हनुवटी छातीला टेकवायची, श्वास मंद करायचा आणि येशूचं नाव घेत दयेची याचना करत राहायचं. नामस्मरण काय असतं हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. काहींना या प्रार्थनेत प्रकाश दिसत असे. त्यांची श्रद्धा अशी की ताबोर डोंगरावर येशूचं रूपांतर झालं, तेव्हा पेत्र, याकोब आणि योहान यांनी पाहिला तोच हा प्रकाश.

दक्षिण इटलीतल्या कालाब्रियाहून आलेल्या बारलाम या विद्वान संन्याशाला हे असह्य झालं. गणित आणि खगोलशास्त्र जाणणारा हा माणूस. देव बुद्धीच्याही पलीकडे आहे, मग तो डोळ्यांना कसा दिसेल, असा त्याचा सवाल होता. ताबोरचा प्रकाश ही निर्माण केलेली, तात्पुरती वस्तू होती, असं तो म्हणे. बेंबीकडे नजर लावून बसणाऱ्या साधकांची त्याने ‘बेंबीत आत्मा असलेले’ म्हणून टर उडवली. त्याचा सवाल पोकळ नव्हता, हे मान्य केलंच पाहिजे. देव माणसाच्या मुठीत येत नाही, हे तो जपू पाहत होता.

पालामासने 1338च्या सुमारास साधकांच्या बचावासाठी लिहायला घेतलं. देवाचं अंतःस्वरूप कुणालाही कधीच गाठता येणार नाही, हे त्याने बारलामइतक्याच ठामपणे मानलं. पण देवाची कृपा, त्याची शक्ती, त्याचा प्रकाश, हे देवाने बनवून पाठवलेलं काही नव्हे. तो देवच आहे. सूर्यबिंबाला कुणी हात लावू शकत नाही, तरी अंगावर पडलेलं ऊन सूर्याचंच असतं. आणि ते अंगावर पडतं, यावर पालामासचा सगळा भर होता. शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे असं संत पौल सांगतो. मग प्रार्थनेत त्याला दाराबाहेर का ठेवायचं? शिष्यांनी तो प्रकाश याच डोळ्यांनी पाहिला, मात्र आत्म्याने त्या डोळ्यांना सामर्थ्य दिल्यावर.

जून 1341मध्ये हागिया सोफियात धर्मपरिषद भरली. अध्यक्षस्थानी सम्राट तिसरा आंद्रोनिकोस होता. बारलाम हरला आणि इटलीला परतला. पुढे तो आमच्या कॅथलिक ख्रिस्तसभेत बिशप झाला; कवी पेत्रार्क त्याच्याकडे ग्रीक शिकला. इकडे परिषदेनंतर काही दिवसांतच सम्राट वारला आणि यादवी सुरू झाली. पालामासची जवळीक यादवीतल्या एका बाजूचा नेता जॉन कांताकुझेनोस याच्याशी, तर राजधानी त्याच्या विरोधकांच्या हाती. पालामासला तुरुंगात टाकलं, 1344मध्ये बहिष्कृतही केलं. झेनी नावाच्या संन्यासिनीला त्याने आध्यात्मिक जीवनावर दीर्घ लेख लिहिला तो याच सुमारास. राजकन्यांना शिकवणारी ही बाई. जिथल्या किनाऱ्याला स्त्रीला लागता येत नाही, त्या आथोसची ही विद्या एका स्त्रीसाठी कागदावर उतरली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

1347मध्ये कांताकुझेनोस जिंकला. पालामास सुटला आणि थेस्सलोनिकीचा आर्चबिशप झाला. पण ते शहर बंडखोरांच्या ताब्यात होतं. त्यांनी त्याला आत येऊ दिलं नाही. 1350मध्ये तो पोहोचला आणि शांततेवर प्रवचन दिलं. गरिबांना पिळणाऱ्या सावकारांनाही त्याने प्रवचनांतून फटकारलं. ज्या शरीराला देवाचा प्रकाश मिळायचा आहे ते उपाशी ठेवणं हा त्याच प्रकाशाचा अपमान, असं मी त्या प्रवचनांतून समजते. 1351च्या परिषदेत त्याच्या शिकवणीवर शिक्कामोर्तब झालं.

1354मध्ये समुद्रप्रवासात तो उस्मानी तुर्कांच्या हाती सापडला आणि वर्षभर कैदेत राहिला. तिथे मुसलमान विद्वानांशी त्याच्या चर्चा झाल्या. एका चर्चेच्या शेवटी कुणीतरी म्हणालं, एक दिवस आपलं एकमत होईल. पालामासने त्याला होकार दिला. हे त्याने स्वतःच आपल्या भाविकांना पत्रातून कळवलं. त्याच्या मृत्यूनंतर सुमारे दशकभराने, 1368मध्ये, कॉन्स्टँटिनोपलने त्याला संत घोषित केलं.

ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी त्याचं स्मरण करते. आमच्याकडे उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारचं शुभवर्तमान दरवर्षी येशूच्या रूपांतराचंच असतं. तरी कॅथलिक ईशज्ञानी शतकानुशतकं पालामासकडे संशयाने पाहत आले. स्वरूप आणि शक्ती असा भेद केला तर देवाचे दोन तुकडे होतात, हा त्यांचा आक्षेप आजही पूर्ण मिटलेला नाही. मला तो आक्षेप समजतो, पण त्यासाठी पालामासला वर्गाबाहेर ठेवावंसं वाटत नाही. 1992मध्ये आलेल्या आमच्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या 460व्या परिच्छेदात इरेनेयस आणि अथानासियस यांच्या शेजारी थॉमस अक्वायनसही माणसाला देवपणात वाटा मिळतो हीच शिकवण देताना दिसतो. तो परिच्छेद मी मुलांसमोर ठेवते, आणि त्याच तासाला पालामासची गोष्ट सांगते.