ऑक्सिडक आणि क्षपणक

रासायनिक अभिक्रियेत दुसऱ्या पदार्थाकडून इलेक्ट्रॉन स्वीकारणाऱ्या पदार्थास ऑक्सिडक, तर दुसऱ्या पदार्थास इलेक्ट्रॉन देणाऱ्या पदार्थास क्षपणक असे म्हणतात. इलेक्ट्रॉन गमावणे म्हणजे ऑक्सिडीकरण व ते मिळवणे म्हणजे क्षपण होय. म्हणून ऑक्सिडकाचे स्वतःचे क्षपण होते आणि क्षपणकाचे ऑक्सिडीकरण होते. या दोन्ही क्रिया एकाच वेळी घडतात; अशा अभिक्रियेस रेडॉक्स अभिक्रिया म्हणतात.

संकल्पनेचा विकास

आरंभी ऑक्सिजनशी होणाऱ्या संयोगालाच ऑक्सिडीकरण आणि संयुगातून ऑक्सिजन काढून घेण्याला क्षपण म्हणत. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचा शोध लावल्यानंतर ही व्याख्या व्यापक झाली. सोडियम क्लोरीन वायूत जळताना ऑक्सिजनचा संबंध येत नाही. तरीही सोडियम इलेक्ट्रॉन देतो व क्लोरीन ते घेतो, म्हणून ही रेडॉक्स अभिक्रियाच आहे.

उदाहरण

मोरचुदाच्या (कॉपर सल्फेट) निळ्या द्रावणात जस्ताची पट्टी ठेवल्यास तिच्यावर तांब्याचा तांबूस थर जमतो व द्रावणाचा निळा रंग फिकट होत जातो. जस्ताचा प्रत्येक अणू २ इलेक्ट्रॉन गमावून आयनरूपात द्रावणात उतरतो. तेच इलेक्ट्रॉन घेऊन तांब्याचा आयन धातुरूप होतो. येथे जस्त क्षपणक, तर तांब्याचा आयन ऑक्सिडक आहे. सल्फेट आयनात कोणताही बदल होत नाही.

सापेक्षता

एखादा पदार्थ कोणती भूमिका बजावतो हे समोरच्या पदार्थावरही अवलंबून असते. हायड्रोजन पेरॉक्साइड आम्लयुक्त पोटॅशियम आयोडाइडमधून आयोडीन मुक्त करते, म्हणजेच ऑक्सिडकाचे कार्य करते. आम्लयुक्त पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या द्रावणाचा रंग मात्र ते क्षपणक म्हणून घालवते. या वेळी मँगनीजचा ऑक्सिडीकरणांक +७ वरून +२ होतो आणि ऑक्सिजन वायू बाहेर पडतो. मूलद्रव्यांमध्ये फ्लुओरीन हा सर्वांत प्रबल ऑक्सिडक आहे. लिथियम, सोडियम यांसारखे धातू प्रबल क्षपणक आहेत.

उपयोग व सुरक्षितता

झोतभट्टीत कार्बन मोनॉक्साइड हा क्षपणक लोहाच्या ऑक्साइडपासून लोह मिळवून देतो. पिण्याच्या पाण्याच्या निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन व विरंजक चूर्ण हे ऑक्सिडक वापरतात. ऑक्सिडक स्वतः ज्वलनशील नसले तरी इतर पदार्थांचे ज्वलन तीव्र करू शकतात. म्हणून ते कागद, तेल, लाकडाचा भुसा यांपासून दूर ठेवावे लागतात. विरंजक चूर्णात आम्ल मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो, त्यामुळे स्वच्छतेची अशी द्रव्ये एकत्र करणे धोक्याचे असते.