बैलगाडीपासून बाइकपर्यंत: जप्तीच्या एका कलमाची दीडशे वर्षं

अमली पदार्थांबाबतचा आपला सध्याचा कायदा, म्हणजे एनडीपीएस, १९८५चा आहे. त्याच्या ६०व्या कलमात एक अनपेक्षित शब्द सापडतो: 'जनावर'. अमली पदार्थ वाहून नेण्यासाठी वापरलेलं जनावर किंवा वाहन सरकारजमा होऊ शकतं, असं ते कलम म्हणतं. इकडे आकुर्डीत बजाजच्या स्कूटर तयार होत होत्या, आणि कायद्यात अजून बैल आणि उंट चालत होते.

मी सॉफ्टवेअरवाला. जुनं आणि नवं व्हर्जन शेजारी ठेवून नेमकी कुठली ओळ बदलली ते शोधणं हे माझं रोजचं काम. तेच या कलमावर करून पाहिलं, तर 'जनावर' १८७८च्या अफू कायद्यात सापडलं. तिथल्या ११व्या कलमात बेकायदा अफू, तिची भांडी, पोती, आणि ती वाहणारी जनावरं व वाहनं, सगळं एका यादीत आहे.

त्या काळात अफू बंद नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. सरकारच तिच्यावर कमावत होतं. बंगालमध्ये सरकारी मक्तेदारी होती. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि प्रत्येक पेटीवर सरकार शुल्क घ्यायचं. त्यामुळे गुन्हा काय, तर परवाना न घेता, शुल्क बुडवून अफू नेणं. बैलगाडी जप्त करण्यामागे समाजाच्या तब्येतीची चिंता कमी आणि महसुलाची जास्त होती. ती गाडी कोणाची, त्या माणसाला आत काय आहे हे माहीत होतं का, हा प्रश्न त्या ११व्या कलमात नाहीच.

पुढचं व्हर्जन आपल्या घरचं: १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा. इथेही जनावरं, गाड्या, होड्या सरकारजमा होऊ शकतात. पण ९९व्या कलमात मालकासाठी एक खिडकी आहे. गुन्हा होऊ नये म्हणून आपण योग्य काळजी घेतली होती, हे मालकाने कोर्टाला पटवून दिलं, तर त्याचं वाहन वाचतं. मालकाचं म्हणणं आता कायद्याच्या मजकुरात आलं होतं.

मग आला १९८५चा कायदा. त्याने १८७८चा कायदा रद्द केला, पण 'जनावर' ठेवलं. मालकाची खिडकीही ठेवली, फक्त अरुंद केली. आता मालकाने दोन गोष्टी सिद्ध करायच्या. एक, गाडीचा असा वापर त्याच्या, त्याच्या हस्तकाच्या आणि गाडी ज्याच्या ताब्यात होती त्याच्या नकळत झाला. दोन, या तिघांनीही सगळी वाजवी खबरदारी घेतली होती. शिवाय ६३व्या कलमानुसार आरोपी सुटला, तरी गाडीचा निकाल कोर्ट वेगळा देऊ शकतं. माणूस निर्दोष आणि गाडी सरकारजमा, असंही होऊ शकतं.

वस्तूलाच दोषी धरायची ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत खटलाच वस्तूवर चालतो. तिथे एका कंपनीने भाड्याने दिलेल्या यॉटवर गांजाची एक सिगारेट सापडली. कंपनीला काहीच माहीत नव्हतं, तरी यॉट गेली, आणि १९७४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते योग्य ठरवलं. जप्त मालाच्या विक्रीचा पैसा तिथे बऱ्याचदा पोलीस खात्यालाच मिळतो, म्हणून या कायद्यावर इतकी टीका होते. आपल्याकडे तसं नाही. आपलं दुखणं वेगळं आहे: वेळ.

पोलीस गाडी ताब्यात घेतात, ती जप्ती. ती सरकारजमा करायची की परत द्यायची, हे कोर्ट ठरवतं. या दोन टप्प्यांच्या मधे अनेक वर्षं जातात. तोवर गाडी उन्हापावसात उभी राहते, टायर बसतात, बॅटरी मरते, कर्जाचा हप्ता मात्र चालू राहतो. कुठल्याही जुन्या पोलीस ठाण्याच्या आवारात हे दिसतं. गाड्या अशा सडवू नका, असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सुंदरभाई देसाई खटल्यात सांगितलं होतं. पण एनडीपीएसच्या गाड्यांना ते लागू होतं का, यावर हायकोर्टांची मतं वेगवेगळी होती.

७ जानेवारी २०२५ला हा घोळ बराचसा सुटला. आसाममधला एक ट्रक, हप्त्यावर घेतलेला. त्यातल्या एका प्रवाशाकडे हेरॉइन सापडलं. मालकावर आरोप नव्हता, तरी ट्रक अडकला. सुप्रीम कोर्टाने म्हटलं, खटला संपेपर्यंत गाडी तात्पुरती परत द्यायला एनडीपीएसमध्ये बंदी नाही. माल मालकाकडे किंवा त्याच्या ड्रायव्हरसारख्या हस्तकाकडे सापडला, तर सहसा गाडी सोडायची नाही. गाडी चोरीची असेल किंवा माल भलत्याच प्रवाशाकडे सापडला असेल, तर अटी घालून सोडायची. गाडीचे फोटो आणि व्हिडिओ पुरावा म्हणून पुरतात.

हे पुण्यात वाचताना दुसरी बाजू विसरता येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी विश्रांतवाडीतून आणि कुरकुंभच्या कारखान्यातून मेफेड्रोनचा प्रचंड साठा पकडला. धागे दिल्लीपर्यंत गेले. इतका माल चाकांवरच फिरतो. गाडी गेली की धंद्याला खरा फटका बसतो, म्हणून हे कलम हवंच.

पण हेच शहर दुसऱ्याच्या गाडीवरही चालतं. होस्टेलवर एक बाइक पाचजण वापरतात. गावाकडच्या काकांचा टेम्पो ड्रायव्हर चालवतो. ॲपवरून कोणी आपली कार अनोळखी माणसाला भाड्याने देतो. यातला मित्र किंवा ड्रायव्हर माल घेऊन पकडला गेला, तर 'मला माहीत नव्हतं' एवढ्याने भागत नाही. त्याच्या हातात त्या वेळी गाडी होती, आणि कलम त्याचंही अज्ञान मागतं. भाडेकरार, लायसन्सची प्रत, ट्रिपची नोंद जपून ठेवायला हवी. पण मित्राला किल्ली देताना असा कागद कोण करतं?

१८७८ मध्ये मालकाला विचारलंच जात नव्हतं. आज विचारलं जातं, पण उत्तर सिद्ध करायचं ओझं त्याच्याच खांद्यावर आहे, आणि त्या 'वाजवी खबरदारी'ची यादी कायद्यात कुठेच दिलेली नाही. ती दर खटल्यात नव्याने ठरते. पुढचं व्हर्जन कधी आलंच, तर आधी ती यादी लिहायला हवी. 'जनावर' राहिलं तरी चालेल.