साथ आणि उंबरठा

साथीच्या रोगांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा जंतू, लस, कायदे आणि मृतांचे आकडे यांकडे असते. परंतु साथ माणसाला गाठते ती त्याच्या घरात, आणि घरातील सर्वांत असहाय घटक म्हणजे मूल. साथीच्या दिवसांत घराचे काय झाले, मुलांना कोणी सांभाळले, सरकारने त्या घराकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हे प्रश्न इतिहासात कडेलाच राहतात. २०२० मध्ये करोनाने सारा देश घरात कोंडला, तेव्हा ते पुन्हा समोर आले. त्यांची उत्तरे शोधताना आम्हांस मराठी मुलखातील आणि मराठी संस्थानांतील काही जुने प्रसंग उपयोगी वाटतात. मुंबई-पुण्याचा प्लेग आणि इंदूरची एक विलक्षण दिवाळी हे त्यांतील प्रमुख होत.

मुंबईत प्लेग आहे, हे सप्टेंबर १८९६ मध्ये प्रथम ओळखले ते डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी. हे मूळचे गोव्यातील हडफडे गावचे. मांडवी भागातील रुग्ण तपासताना त्यांना निदान झाले. त्यानंतर महिनाभरातच महापालिकेने संशयित रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा अधिकार वापरण्यास आरंभ केला. रुग्णालय म्हणजे उपचाराचे ठिकाण, ही कल्पना तेव्हा लोकांत रुजलेली नव्हती. तेथे गेलेले माणूस परत येत नाही, एवढेच त्यांना दिसत होते. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला. १८९१ च्या शिरगणतीत सव्वाआठ लाखांच्या घरात असलेल्या या शहरातून लाखो माणसे बायकामुलांसह कोकणात आणि घाटावर निघून गेली. मागे राहिलेल्या अनेक घरांच्या भिंतींवर 'यू. एच. एच.' ही अक्षरे रंगविण्यात आली. माणसांच्या वस्तीस अयोग्य, असा त्यांचा अर्थ होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि घरात शिरणे, माणसे हलविणे, सामान नष्ट करणे या साऱ्यास कायद्याचे बळ मिळाले.

त्या बळाचा सर्वांत कठोर वापर पुण्यात झाला. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने मार्चच्या मध्यापासून गोऱ्या सैनिकांकरवी घरोघर झडत्या सुरू केल्या. रुग्ण सापडला की त्याची रवानगी रुग्णालयात, घरच्या मंडळींची विलगीकरण छावणीत, आणि अंथरूण-पांघरुणाची आगीत. सैनिक माजघरात, स्वयंपाकघरात, देवघरात शिरतात, स्त्रियांची तपासणी उघड्यावर होते, अशा तक्रारींनी तेव्हाची वृत्तपत्रे भरलेली आहेत. याची परिणती २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड यांच्यावर झाडलेल्या गोळीत झाली. चापेकर बंधूंचे नाव या घटनेमुळे सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु राजकीय इतिहासाच्या या प्रकाशात छावणीतले मूल मात्र झाकोळून गेले.

त्या मुलाच्या दृष्टीने पाहिले, तर रोगाइतकीच भयंकर गोष्ट होती ती ताटातूट. आई एका ठिकाणी, मूल दुसऱ्या ठिकाणी, आणि घराला कुलूप. या परवडीविषयी ज्यांनी निर्भयपणे लिहिले, त्यांत पंडिता रमाबाई होत्या. त्यांच्या आश्रयास असलेल्या मुलींचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता. प्लेगच्या रुग्णालयातील आणि छावणीतील स्त्रिया व मुली यांच्या सुरक्षिततेबद्दल त्यांनी मे १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन' या पत्रातून जाहीरपणे प्रश्न उपस्थित केला. त्याचे पडसाद विलायतेपर्यंत उमटले.

झडत्या सुरू होण्यापूर्वीच पुण्याजवळ एक वेगळी वाट दिसली होती. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरनजीक माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे पोचविले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. या सेवेतच त्यांना रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. येथेही रुग्ण घराबाहेरच नेला जात होता, हे लक्षात घ्यावे. परंतु ज्या पाठीवरून तो जात होता, ती त्याला परकी नव्हती. लोकांचा विरोध विलगीकरणाला होता, असे जे सरसकट म्हटले जाते, ते आम्हांस म्हणूनच अपुरे वाटते. त्यांचा विरोध मुख्यतः ते कोणाच्या हातून आणि कोणत्या रीतीने होते याला होता.

याचा आणखी एक पुरावा खेडोपाडी सापडतो. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचे आणि रानात झोपड्या घालून राहायचे, ही रीत दख्खनच्या अनेक गावांनी स्वतः होऊन पत्करली. अनेक घरांत आजही वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या 'प्लेगच्या झोपड्यां'च्या आठवणी सांगितल्या जातात. या झोपड्यांत आई, मुले, गुरे, चूल सारे एकत्र असे. घर हलत होते, पण मोडत नव्हते. रोग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, असे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले आणि पुढील दशकात ते सर्वमान्य झाले. तेव्हा उंदरांचे घर सोडण्याची ही रीत शास्त्राच्या कसोटीसही उतरली. सरकारनेही १८९८ नंतर सक्ती हळूहळू सैल करून स्वेच्छेने गाव सोडणे, जातवार व खाजगी रुग्णालये आणि हाफकिन यांची लस यांवर भर दिला. तरीही पुढील दोन-अडीच दशकांत प्लेगने देशात सुमारे एक कोटी माणसे नेली.

अशा काळात, १९१७ च्या सुमारास, होळकरांच्या इंदुरात पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकार आले. त्याआधी त्यांनी बडोद्याच्या नगरविकासावर अहवाल लिहिला होता. इंदुरात प्लेग आणि हिवताप ठाण मांडून होते. गेडिस यांनी दरबाराच्या संमतीने दिवाळीची एक नवी मिरवणूक योजिली. तिचा मार्ग रूढीने ठरणार नव्हता. ज्या रस्त्यावरील घरे अधिकात अधिक स्वच्छ व दुरुस्त केलेली आढळतील, त्या रस्त्यावरून ती जाणार होती. मग काय, गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली. घराघरांतून आणि परसांतून हजारो गाड्या कचरा निघाला, उंदीर पकडले गेले, भिंतींना रंग चढला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची आणि हिवतापाच्या डासाची चित्रे होती, अस्वच्छतेचा राक्षस होता. झाडूवाले शुभ्र वस्त्रांत, गळ्यात हार घालून, सन्मानाने चालत होते. नीटनेटक्या घराची खूण म्हणून तुळशीची रोपे वाटली गेली. शेवटी राक्षसाचे दहन झाले. ही हकीगत मुख्यतः गेडिस यांच्याच कथनातून आपल्यापर्यंत आली आहे आणि तिच्यात सांगणाऱ्याचा उत्साह मिसळलेला असणार, हे मान्य करावयास हवे. इंदूरचा प्लेग केवळ या मिरवणुकीने ओसरला, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पुण्यात ज्या घरावर संशय घेतला गेला होता, त्याच घरावर वीस वर्षांनी इंदुरात विश्वास टाकला गेला, एवढे निश्चित. त्या दिवाळीत मुलांनी घर जळताना पाहिले नाही. राक्षस जळताना पाहिला.

विश्वासाने सर्व काही साधते असे नाही, हे लगेच पुढल्या वर्षी 'मानमोडी'ने दाखवून दिले. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरलेल्या या इन्फ्लुएंझाची दुसरी लाट सप्टेंबरात आली. ६ ऑक्टोबर रोजी एकट्या मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. या रोगाचा विशेष असा की, तो ऐन उमेदीच्या माणसांना अधिक नेत असे. घरची मिळवती माणसे आणि लेकुरवाळ्या स्त्रिया गेल्या, आणि मागे म्हातारी व मुले राहिली. पाऊसही त्या वर्षी अपुरा होता. घर हे कितीही भरवशाचे असले, तरी त्यातील कर्ती माणसेच आडवी झाली की त्याला बाहेरच्या हातांची गरज लागते. औषध आणि दूध घेऊन दारी येणारे स्वयंसेवक हेच तेव्हा अनेक कुटुंबांचे आधार ठरले.

या दोन्ही धड्यांची कसोटी २०२० मध्ये लागली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. १८९७ चा तोच कायदा पुन्हा वापरात आला. राज्यांच्या सीमा बंद झाल्या. बेळगाव-कोल्हापूर किंवा गोवा-सिंधुदुर्ग अशा ज्या कुटुंबांचा नित्य व्यवहार सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतो, त्यांना ताटातुटीचा अर्थ नव्याने कळला. शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या. एका खोलीच्या घरात, एका भ्रमणध्वनीवर, दोन-तीन भावंडांचे शिक्षण चालावे अशी अपेक्षा होती. अशा वेळी सोलापुरातील नीलमनगर या कामगार वस्तीत शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाठ रंगविले. अक्षरे, आकडे, आकृत्या, व्याकरण. आणि मुले गल्लीत अंतर राखून ते वाचू लागली. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या भिंतींवर सरकारने काय लिहिले होते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या भिंतींचे मोल अधिक जाणवेल.

साथ आली की घर बंद करा, हे सांगणे सोपे असते आणि कित्येकदा ते आवश्यकही असते. परंतु बंद घरात धान्य, दूध, औषध, पाठ्यपुस्तक आणि धीराचा शब्द पोचविण्याची व्यवस्था ही त्या आज्ञेचीच दुसरी बाजू होय. पहिली बाजू कायद्याने होते. दुसरीसाठी घरातील माणसांची संमती आणि शेजाऱ्यांची साथ लागते. आपल्या संस्थांनी, वाचनालयांनी, मंडळांनी हे काम साथ येण्यापूर्वीच्या शांत काळात आखून ठेवावे. आपल्या गल्लीत एकटी म्हातारी कोठे राहते, कोणत्या घरात लहान मुले आहेत, आई-वडील आजारी पडल्यास त्यांना कोण जवळ घेईल, एवढी नोंद करण्यास कोणत्याही कायद्याची आवश्यकता नाही.