मुलींच्या शाळेतील संगीताचा तास

पापडी (वसई) : शाळेचे वेळापत्रक आखताना सर्वांत आधी कात्री लागते ती संगीताच्या तासाला. गणिताचा शिक्षक रजेवर असो, सहामाही परीक्षा जवळ आलेली असो वा वर्गखोल्या अपुऱ्या असोत, गाण्याचा तास तेवढा मोकळा आहे, असे गृहीत धरले जाते. मुलींच्या शाळेत या गृहीतकाला आणखी एक धार असते. मुलीला गाणे येणे ही लग्नाच्या बाजारातली जमेची बाजू, एवढ्यापुरतेच त्याचे मोल मानणारी पिढी अजून पुरती मागे पडलेली नाही. मुलींच्या शाळेत चांगला संगीत विभाग असण्याने नेमके काय साधते, याचा हा आढावा.

वसई परिसरात हा प्रश्न विचारण्याला वेगळा अर्थ आहे. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे हा मुलूख पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. चर्चच्या उपासनेबरोबर पाश्चात्त्य समूहगायन आणि व्हायोलिनसारखी वाद्ये किनारपट्टीवर आली ती याच काळात. १९९८ मध्ये वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि पापडीचे चर्च त्याचे कॅथेड्रल ठरले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीत होऊ लागली, तसे मराठी भक्तिगीतांचे गायनवृंदही गावोगावी उभे राहिले. त्याला लागूनच देवळांतील भजनी मंडळे, लग्नातील बँड आणि बायकांच्या तोंडी असलेली लग्नगीते. थोडक्यात, इथे सूर कानावर पडण्याची वाण नाही. वाण पडू शकते ती ऐकलेले शिस्तीने शिकण्याच्या जागेची. आणि ती जागा शाळेइतकी दुसरीकडे कुठेही सहज मिळत नाही.

जाते थांबले, मग काय?

मराठी स्त्रीचे पहिले संगीत विद्यालय म्हणजे जाते. पहाटे दळताना आई गाई आणि लेक ऐके. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातील खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. ज्यांना कुणी कधी गायिका म्हटले नाही, अशा बायकांची ही संपदा आहे.

गावात पिठाची गिरणी आली आणि बाईचे कष्ट वाचले. त्याविषयी हळहळण्याचे कारण नाही. मात्र दळणाबरोबर चालणारे गाण्याचे शिक्षणही त्याच वेळी थांबले. पूर्वी गाणे मुलीला कामातून आपोआप मिळे. आता ते कुणीतरी ठरवून दिले तरच मिळते. खासगी शिकवणीची फी परवडणाऱ्या घरात ते मिळतेच. ज्या घरात ती परवडत नाही, तिथल्या मुलीसाठी शाळेतला तास हाच एकमेव दरवाजा असतो.

जाळीआडचे वाद्यवृंद

मुलींच्या संस्थेतील संगीत शिक्षणाचे जगातील सर्वांत गाजलेले उदाहरण तीनशे वर्षांपूर्वीचे आहे. व्हेनिसमधील ‘पिएता’ हा टाकून दिलेल्या बालकांचा आश्रम होता. तेथील मुलींना व्हायोलिन शिकविण्यासाठी १७०३ मध्ये एका तरुण धर्मगुरूची नेमणूक झाली. त्यांचे नाव अंतोनिओ विवाल्दी. त्यांच्या कितीतरी रचना या मुलींसाठी लिहिल्या गेल्या. गायनातील वरच्या पट्टीपासून खर्जातल्या वाद्यापर्यंत सारे काही मुलीच सांभाळीत. युरोपभरातून रसिक ते ऐकायला येत. मात्र वादक मुली जाळीच्या आड उभ्या असत. लग्न करून आश्रम सोडणाऱ्या मुलीला सार्वजनिक वादन सोडावे लागे.

या उदाहरणाला दोन बाजू आहेत. संधी आणि शिस्त मिळाली तर अनाथ मुलीही आपल्या काळातील सर्वोत्तम वाद्यवृंद उभा करू शकतात, ही एक. शिक्षण दिले पण व्यासपीठ नाकारले तर ते शिक्षण भिंतीआडच संपते, ही दुसरी.

महाराष्ट्रातील प्रवास

आपल्याकडे ही जाळी निराळ्या प्रकारची होती. एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक गाणे हे कलावंतिणींचे काम समजले जाई आणि घरंदाज म्हणविणाऱ्या कुटुंबांत मुलीच्या गाण्याकडे संशयाने पाहिले जाई. ही अढी सुटण्यास गाणे शाळेत येणे कारणीभूत ठरले. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये संगीत शाळा सुरू केली आणि स्वरलिपीच्या आधारे वर्गात शिकविण्याची पद्धत रुजविली. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि १९०८ मध्ये ते मुंबईत आले. क्रमिक पुस्तके, ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी ही शाळेची चौकट त्यांनी गाण्याला दिली. ‘महिला संगीत’ या नावाने स्त्रियांसाठी स्वतंत्र पुस्तकेही काढली. पलुस्करांचे निधन १९३१ मध्ये झाले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या परीक्षा आजही गावोगावच्या मुली देतात.

महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात पुढे संगीताचा स्वतंत्र पदव्युत्तर विभाग उभा राहिला आणि डॉ. प्रभा अत्रे यांनी त्याचे प्रमुखपद भूषविले. विज्ञान आणि कायदा या दोन्ही विषयांच्या पदव्या घेतलेल्या प्रभाताईंनी मैफल गाजविली, ग्रंथ लिहिले आणि विद्यार्थिनी घडविल्या. डॉ. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी सूक्ष्मजीवशास्त्राचे शिक्षण घेऊन जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविली आणि जयपूर घराण्याची गायकीही आत्मसात केली. गाणे की अभ्यास, असा पेच मुलीपुढे टाकणाऱ्या पालकांनी ही दोन नावे लक्षात ठेवावीत.

शाळकरी मुलीला मिळालेले एक व्यासपीठ काय करू शकते, याचे उदाहरण सीमाभागात आहे. १९२४ मध्ये बेळगावला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. स्वागतगीत म्हणणाऱ्यांत धारवाडच्या शाळेतील एक अकरा वर्षांची मुलगी होती. गाण्यापेक्षा तिला दुसरीच धास्ती होती. आपल्या जातीमुळे जेवणानंतरच्या उष्ट्या पत्रावळी उचलायला आपल्याला सांगतील की काय, ही ती धास्ती. ती मुलगी म्हणजे गंगूबाई हनगल. त्यांचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपुढे गेले नाही. गाणे मात्र २००२ च्या पद्मविभूषणपर्यंत पोहोचले. सर्वांसमोर गाण्यासाठी उभे राहण्याची संधी अशा मुलीसाठी कार्यक्रमातील एका बाबीपेक्षा पुष्कळच मोठी असते.

गोव्याचा धडा

संगीत शिक्षण कुणाला मिळते यावरून पुढे संगीताचा व्यवसाय कुणाच्या हाती जातो, हे ठरते. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांतून स्वरलेखन वाचणे, गाणे आणि व्हायोलिन वाजविणे शिकविले जाई. शिकणारे प्रामुख्याने मुलगे. त्याचे फळ विसाव्या शतकात मुंबईला मिळाले. प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्या संगीताचे वाद्यवृंद संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा असे कितीतरी गोमंतकीय वादक हिंदी चित्रपटसंगीताचा कणा झाले. या वाद्यवृंदांत स्त्रिया अगदी तुरळक होत्या. ध्वनिमुद्रणात गायिका होत्या, पण वादक, संयोजक आणि संगीतकार बहुतेक पुरुष. मुलींना हात नव्हते असे नाही. त्या हातांत वेळेवर वाद्य दिले गेले नाही.

मुलींच्या शाळेचे वेगळेपण इथेच आहे. मिश्र शाळेच्या स्नेहसंमेलनात मुली गातात आणि तबला, ढोलकी, ड्रम मुलांकडे जातो, ही वाटणी कुणी न ठरविता होऊन जाते. जिथे मुलगेच नाहीत, तिथे तबल्यावर मुलगीच बसते, ढोलकीला शाई लावलेली पुडी तीच न्याहाळते, हार्मोनियमची साथ तीच करते, ध्वनिक्षेपक तीच लावते आणि समूहाला ताल देण्यासाठी पुढेही तीच उभी राहते. डॉ. आबान मिस्त्री यांनी स्वतंत्र तबलावादन करणारी स्त्री म्हणून मुंबईत नाव मिळविले, तेव्हा त्या अपवाद होत्या. पुढे अनुराधा पाल यांनी केवळ स्त्रियांचा ‘स्त्री शक्ती’ हा वाद्यवृंद उभा केला. असे अपवाद नियमात बदलण्याचे काम शाळाच करू शकते.

गुण वाढतात का?

संगीताने गणित सुधारते, बुद्धी तल्लख होते, असे पालकसभांत हमखास सांगितले जाते. या दाव्याची शहानिशा आवश्यक आहे. २००४ मध्ये कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांच्या १४४ मुलांवर प्रयोग केला. वर्षभर संगीत शिकलेल्या मुलांच्या बुद्ध्यंकात इतरांपेक्षा किंचित अधिक वाढ आढळली आणि त्या निष्कर्षाचा जगभर गाजावाजा झाला. मात्र २०२० मध्ये जोव्हान्नी साला आणि फर्नांड गोबे यांनी ५४ अभ्यासांचा एकत्रित पडताळा घेतला. प्रयोगाची रचना जितकी काटेकोर, तितका हा लाभ शून्याकडे झुकतो, असे त्यांना दिसले.

त्यामुळे गणिताच्या गुणांसाठी संगीत, हा युक्तिवाद सोडून दिलेलाच बरा. तो खोटा पडला की संगीताचा तासही त्याच्याबरोबर जातो. गणित शिकल्याने गळा सुधारतो का, असे कुणी विचारीत नाही. संगीताचे लाभ संगीताचेच आहेत : श्वासावर ताबा, नेमके ऐकणे, रोज थोडा रियाज करण्याची सवय, दुसऱ्याच्या सुराला आपला सूर जुळविणे आणि चुकले तरी न थांबता समेवर येणे. वयात येणाऱ्या मुलीला हळू बोल, हळू हस, असे चहूकडून बजावले जात असताना, खुल्या आवाजात गा, असे सांगणारी एक जागा शाळेत असणे, हा लाभ गुणपत्रिकेत मांडता येत नाही.

चांगला विभाग कसा ओळखावा?

स्नेहसंमेलनातील एक झगमगता कार्यक्रम म्हणजे संगीत विभाग नव्हे. चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, वेळापत्रकात प्रत्येक वर्गाला आठवड्यातून निदान एक तास आहे का आणि तो खरोखर होतो का? दुसरी, निवडक पाच-सहा गोड गळ्यांखेरीज बाकीच्या मुलींच्या वाट्याला काय येते? बेसूर ठरविलेल्या मुलीही पट्टी सांभाळून शिकविल्यास सुरात येऊ शकतात. तिसरी, वाद्ये कपाटात कुलूपबंद आहेत की मुलींच्या हातात? एक हार्मोनियम, तबल्याची जोडी, इलेक्ट्रॉनिक तानपुरा, झांजा आणि लेझीम एवढ्यावर उत्तम सुरुवात होते. चौथी, भोवतालचे संगीत शाळेत येते का? वसईसारख्या ठिकाणी राग भूपाबरोबर आजीची लग्नगीते आणि चर्चच्या गायनवृंदातील अनेक स्वरांत बांधलेले गाणे, तिन्ही एका वर्गात नांदू शकतात.

कायद्याचा आधारही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरहून अधिक विद्यार्थी असल्यास कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात ‘कला’ या एका शब्दात चित्रकला, संगीत, नृत्य, नाट्य सारेच कोंबले जाते आणि एकच जागा असल्यास संगीत बहुधा बाहेर राहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलांना अभ्यासेतर न मानण्याची भूमिका घेतली. शास्त्रीय कलांच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांना दहावीत वाढीव गुण देण्याची तरतूद राज्यात २०१७ मध्ये झाली. तिचा उपयोग जरूर व्हावा. परंतु केवळ त्या गुणांपुरती परीक्षा उरकण्याची प्रथा पडली, तर दहावीनंतर पेटी पुन्हा माळ्यावर जाईल.

पैशाचा प्रश्न अर्थातच खरा आहे. खुद्द पलुस्करांना मुंबईतील विद्यालयाची इमारत कर्जापायी गमवावी लागली होती. मात्र वाद्यांचा खर्च एकदाच होतो आणि त्यांवर पिढ्या शिकतात. कायमचा खर्च शिक्षकाचा. तो तासिका तत्त्वावर दरवर्षी बदलत राहिला, तर विभाग उभा राहत नाही. पालक-शिक्षक संघ, माजी विद्यार्थिनी आणि स्थानिक भजनी मंडळे व गायनवृंद यांनी वाद्यांचा भार उचलावा आणि संस्थेने शिक्षक टिकवावा, ही वाटणी व्यवहार्य ठरू शकते.

हे सारे किती नाजूक असते, हे अफगाणिस्तानने दाखविले. काबूलच्या राष्ट्रीय संगीत संस्थेत मुलींचा ‘झोहरा’ हा वाद्यवृंद उभा राहिला आणि २०१७ मध्ये दावोसला वाजला. २०२१ मध्ये तालिबानची सत्ता आली आणि त्या मुलींना वाद्ये मागे ठेवून देश सोडावा लागला. त्यांना आश्रय दिला पोर्तुगालने. मुलींचे गाणे बंद करण्यासाठी तिथे बंदुका लागल्या. आपल्याकडे तेवढ्याची गरज पडत नाही; वेळापत्रकातील एक चौकोन खोडला तरी पुरतो. म्हणूनच येत्या जूनमध्ये शाळेचे वेळापत्रक हाती येईल, तेव्हा पालकांनी गणिताच्या तासांबरोबर संगीताचा तासही मोजून पाहावा, आणि तो नसेल तर का नाही, हे मुख्याध्यापकांना विचारावे.